मागाच्या खडखडाटापासून रोबोपर्यंत

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'मोटार कारखान्यातले रोबो'. सकाळी नाश्त्याच्या वेळी एकानं मला विचारलं, "तुझ्या कारखान्यात माणसं शिल्लक आहेत का रे?" दुसऱ्यानं विचारलं, "मुलाला मेकॅनिकलला घालू का नको?" प्रश्न दोन असले तरी त्यांच्यामागची काळजी एकच आहे. तिला धरूनच बोलतो.

आपण सगळे इचलकरंजीचे. यंत्र म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं सगळं गाव मागाच्या आवाजावर झोपायला शिकलं. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी माग तरी होते, नाहीतर घरातलं कोणीतरी मागावर होतं. म्हणून रोबोची गोष्टही मी मागावरूनच सांगतो. तिचा मागाशी खराच संबंध आहे.

जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचा सुताराचा मुलगा होता. आईला हातमागावर राबताना बघत तो वाढला आणि त्यानं आयुष्यभर मागच सुधारले. त्याच्या मागाची खुबी अशी, की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. १९२४ च्या मागात तर कांडी संपली की चालू मागावरच धोटा बदलला जायचा. आपल्याकडं कांडी संपली की कामगार धावायचा, ते आठवा. माग स्वतः थांबतो म्हटल्यावर प्रत्येक मागापुढं माणूस उभा करायची गरज उरली नाही आणि एक माणूस कितीतरी माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनं विकत घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो मोटारींकडं वळला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. आज जगभरच्या मोटार कारखान्यांत 'चूक दिसली की लाइन थांबवा' हा नियम शिकवतात. तो मागावरून आलेला आहे.

आता रोबोकडं येतो. सिनेमातला चालणारा-बोलणारा रोबो डोक्यातून काढून टाका. कारखान्यातला रोबो म्हणजे जमिनीला बोल्टनं जखडलेला एक मोठा हात. खांदा, कोपर, मनगट धरून त्याला सहा ठिकाणी वळता येतं. असा पहिला हात, युनिमेट, १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलायचं काम त्याला दिलं होतं. माणसाला नकोसं असलेलं काम आधी रोबोकडं गेलं, हे लक्षात ठेवा.

मोटारीचा सांगाडा जिथं जोडतात त्याला आम्ही बॉडी शॉप म्हणतो. माझी सगळी नोकरी तिथंच गेली. एका मोटारीच्या सांगाड्याला साधारण चार ते पाच हजार स्पॉट वेल्ड लागतात. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबायचे, क्षणभर आठ-दहा हजार अँपिअरचा करंट सोडायचा, की तेवढ्या ठिपक्यात पत्रे वितळून एक होतात. मी १९९३ मध्ये ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा हे काम माणसं करायची. वरून टांगलेली जड गन ओढायची, कधी वाकून, कधी पाठीवर रेलून वेल्ड मारायचे. ठिणग्यांनी शर्टाला भोकं पडायची. चाळिशीतच खांदे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ते काम रोबोनं घेतलं याचं मला वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पण रोबोची खरी किंमत त्याच्या ताकदीत नाही. ताकदीची यंत्रं आधीही होती. जुन्या पद्धतीत एका मॉडेलसाठी एक लाइन, एक जिग असायची. मॉडेल बंद पडलं की सगळं भंगारात. रोबोचं तसं नाही. लाइनवर सांगाडा येतो तेव्हा त्याच्यासोबत एक टॅग येतो. तो वाचला की रोबोला कळतं, ही हॅचबॅक आहे, मागून सेडान येतीय. तो त्याप्रमाणे प्रोग्रॅम बदलतो, लागली तर हातातली गनही बदलतो. एकाच लाइनवर तीन-चार मॉडेल पाठोपाठ निघतात. डॉबीवर खुंट्यांची पट्टी बदलली की माग तोच आणि किनार वेगळी, तसं समजा. यालाच लवचिक उत्पादन म्हणतात.

आता ही लवचिकता येते कुठून? १९७० च्या सुमारास टोयोटात हजार टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. शिगिओ शिंगो नावाच्या इंजिनिअरनं तिथल्या माणसांना घेऊन तो वेळ तीन मिनिटांवर आणला. रोबो वापरून नव्हे. त्यानं एवढंच पाहिलं, की यंत्र बंद ठेवून करायची कामं कोणती आणि यंत्र चालू असतानाच करून ठेवता येतील अशी कोणती. आपला जॉबर जुना बीम संपायच्या आत नवा आणून ठेवतो, वहिफणीवाल्याला आधीच निरोप धाडतो, तीच अक्कल.

आणि जिथं ही अक्कल सोडून नुसती यंत्रं भरली, तिथं पैसे बुडाले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेस्लाच्या कारखान्यात मॉडेल ३ गाडीचं उत्पादन अडकलं होतं. बॅटरीवर काचतंतूची मऊ चटई ठेवायला एक रोबो होता. त्याला ती कापसासारखी चटई नीट उचलताच येईना. शेवटी कोणीतरी विचारलं, ही चटई लागते तरी कशाला? तपासलं तर लागतच नव्हती. ती काढून टाकली. अतिरेकी यांत्रिकीकरण ही आपलीच चूक होती, असं इलॉन मस्कनं त्या वर्षी जाहीरपणे मान्य केलं. मऊ, लोंबणाऱ्या वस्तू रोबोला आजही जड जातात. म्हणून बॉडी शॉपमध्ये रोबोंची गर्दी दिसते आणि शेवटच्या असेंब्लीत, जिथं वायरिंग, रबर, सीट बसवतात, तिथं अजून माणसंच दिसतात. तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारणाऱ्या बोटांची किंमत या गावाला सांगायला नको.

इथवर मी अभ्यासातलं बोललो. आता जे सांगायला खरं तर आलोय ते सांगतो.

आमच्या लाइनवर शिरोळकडचे एक वेल्डर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. कंत्राटी होते. मी डिप्लोमावाला साहेब, पण वेल्डिंग मी त्यांच्याकडून शिकलो. गनच्या आवाजावरून ते सांगायचे वेल्ड धरला की नाही. छिन्नी-हातोडीनं तपासलं की त्यांचं खरं निघायचं. रोबो आले तेव्हा कोणत्या क्रमानं वेल्ड मारायचे हे ठरवायला मी त्यांनाच जवळ घेतलं. "कडेनं सुरू केलं की पत्रा मधे फुगतो साहेब. मधनं बाहेर जावा." तसं मी प्रोग्रॅममध्ये घातलं. लाइन सुरू झाली, मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. कायम कामगारांना दुसरीकडं सामावून घेतलं. चार महिन्यांनी कंत्राटी लोकांची मुदत वाढवली नाही. त्या यादीत मामा होते. ती यादी ज्या बैठकीत आली तिथं मी बसलो होतो. बोललो नाही. लाइन आपली आहे, माणसं कंत्राटदाराची आहेत, असं मी मनाशी म्हणालो.

दोन वर्षांनी एका दारापाशी वेल्ड कच्चे निघायला लागले. रोबो थांबत नव्हता. त्याला सांगितलेल्या जागी, सांगितलेला करंट तो इमानदारीनं देत होता आणि पडद्यावर सगळं हिरवं दिसत होतं. आम्ही तीन दिवस गन बदलल्या, टिप बदलल्या, प्रोग्रॅम तपासला. शेवटी मी लाज सोडून मामांना फोन लावला. ते गावी गेट-ग्रिलचं दुकान चालवत होते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "आवाज कसा येतोय? ठिणग्या किती उडत्यात?" नेहमीपेक्षा जास्त, म्हटलं. "मग गन नका बघू. पत्र्यावर पत्रा बसंना झालाय. पत्रा येतोय कुठनं ते बघा." खरंच, पुरवठादाराकडून येणाऱ्या भागाची कड किंचित वाकलेली होती. दोन पत्र्यांमध्ये फट राहत होती.

फोन ठेवताना मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही काय करणार साहेब." मला ते फार लागलं, कारण मला काहीतरी करता आलं असतं. रोबोनं मामांचा हात घेतला, तो घ्यायलाच हवा होता. पण त्यांचा कान आणि डोळा आम्हीच गेटबाहेर काढला. तो निर्णय रोबोचा नव्हता.

पुढं त्याच लाइनवर इलेक्ट्रिक गाडीचं मॉडेल आलं. तेव्हा मी प्रोजेक्टच्या पहिल्या कागदावरच लिहून दिलं, की लाइनवरच्या आठ कंत्राटी वेल्डरना रोबो शिकवायचं यंत्र, टीच पेंडंट, आधी शिकवा आणि मग यंत्रं मागवा. वाद झाला. आठपैकी चौघांना मान्यता मिळाली. ते चौघे आज रोबोच्या कुंपणाच्या आत जाऊन त्याला नवीन वळणं शिकवतात. उरलेल्या चौघांचं मला जमलं नाही, तेही सांगितलं पाहिजे.

म्हणून सकाळच्या प्रश्नांची उत्तरं. माणसं शिल्लक आहेत, आणि किती ठेवायची, कोणती ठेवायची हे माणसंच ठरवतात. मुलाला मेकॅनिकलला जरूर घाल, पण सुट्टीत त्याला एखाद्या जॉबरच्या हाताखाली महिनाभर पाठव. प्रोग्रॅम कॉलेजात शिकवतील, धागा का तुटला ते जॉबर शिकवेल.

माझी दोन मागणी आहेत. तुमच्यापैकी जे आता बिनधोट्याचे माग घेताहेत त्यांनी जुन्या जॉबरला रजा देण्याआधी नव्या मागावर उभं करून बघा. त्याला इंग्रजी पडदा वाचता येत नसेल तर मराठीत कागद करून चिकटवा. मीही तेच केलं होतं. आणि दुसरं शाळेसाठी. कार्यानुभवाच्या सरांनी आपल्याकडून स्विचबोर्ड उघडून घेतला होता, वायर उलटी लावून मी फ्यूज उडवला होता आणि सरांनी मारलं नाही, फक्त "का उडाला ते सांग" म्हणाले. सर समोर बसलेत. माझी नोकरी त्या तासाला सुरू झाली. महिन्यातला एक शनिवार मी शाळेत येऊन मुलांना मोटर, सेन्सर, छोटा रोबोचा हात शिकवीन. सोबत एक जुना जॉबर बसावा अशी माझी अट आहे. जुन्या मोटरी आणि मोडका माग कोण देतोय, ते जेवायच्या आधी मला सांगा.