माझं अशील फालसा

(बडोद्यातल्या छाणी येथील वसंत व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सरबत आधी नि व्याख्यान नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवलाय. आपल्या जैन शेजाऱ्यांचा चोविहार असतो. सूर्यास्तानंतर ते पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यांना आग्रहानं बोलवायचं आणि त्यांच्यादेखत आपण पेले रिकामे करायचे, हे बरं दिसलं नसतं. संयोजकांना धाकधूक होती, की पेल्यांपाठोपाठ खुर्च्याही रिकाम्या होतील. तसं काही झालेलं दिसत नाही. इथले पंखे चांगले आहेत म्हणूनही असेल. (हशा)

पत्रिकेवर विषय आहे ‘उन्हाळ्यातली घरगुती सरबतं’. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती असल्या विषयांसाठी नव्हे, असं इथल्याच एका गृहस्थांनी मघाशी मला ऐकवलं. मान्य. पण त्यांनी पेले दोन घेतले, हेही मी पाहिलंय. (हशा)

आता पन्ह्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? कैरी उकडायची, गर काढायचा, गूळ की साखर यावरून वर्षातून एकदा भांडायचं, वेलदोडा घालायचा. गुजराती घरातला बाफलो त्याच घराण्यातला, फक्त जिरं नि संचळ लावून आलेला. वरियाळी, ताक, लिंबू हे सगळं तुम्हाला येतंय. म्हणून मी सरळ माझ्या अशिलाकडे वळते. माझं अशील म्हणजे फालसा.

तक्रार अशी, की आपण बडोद्याच्या मराठी माणसांनी फालशाला कधी घरात घेतलंच नाही. लारीवरून घ्यायचा, मीठ लावून तोंडात टाकायचा, बिया थुंकायच्या. पाहुणे आले की मात्र कोकम! रातांबे पिकतात कोकणात. आपल्यापर्यंत येतात ती वाळलेली आमसुलं, नाहीतर बाटलीतला आगळ. फालसा इथे दारात ताजा मिळतो, त्याला आपण विचारत नाही.

दुसऱ्या रांगेतले रत्नागिरीकर हलायला लागलेत. अहो, कोकमाशी माझं वैर नाही. सोलकढी मीही पिते. भाषण संपल्यावर भांडू.

फालसा दुकानातल्या फळीवर का दिसत नाही? झुडूप हिवाळ्यात छाटतात. मग नवी फूट येते आणि फळ धरतं ते त्या फुटीवर. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून पिकलेला दाणा न् दाणा हातानं निवडून तोडायचा, पुन्हा काही दिवसांनी त्याच झुडपाशी यायचं. आणि तोडलेला फालसा जेमतेम एक-दोन दिवस टिकतो. एवढं नाजूक फळ लांबच्या गाडीत कोण घालील? ते लारीवर येतं आणि लारीवरच संपतं.

घराणं मात्र थोर आहे. चरकानं श्रम घालवणाऱ्या दहा द्रव्यांची यादी दिलीय. द्राक्ष, खजूर, डाळिंब, ऊस यांच्या पंगतीला परूषक बसलाय. परूषक म्हणजे आपला फालसाच. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्खूंना आठ पेयं चालतील असं सांगितलंय. त्यात आंब्याचं आहे, जांभळाचं आहे आणि फालशाचंही आहे. आमसुलाचं नाही. (हशा. ‘निषेध!’ असा आवाज.)

निषेध नोंदवला. आता दांडिया बाजारातली एक गोष्ट. थोडक्यात सांगते.

आमच्या आत्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत लांबलेलं. बायका येतच राहिल्या, आंब्याची डाळ पुरली, पन्हं संपलं. कैऱ्या उकडून निवायला वेळ कुठला? खाली फालशाची लारी उभी होती. आत्यानं पोराला पिटाळून सगळी टोपली वर आणवली. घाईत कुणीतरी फालसे पितळी पातेल्यात कुस्करले, त्याची कल्हई गेलेली. सगळं कळकलं! ते मोरीत गेलं. दुसरा घाणा काचेच्या सटात. तो जांभळा रस पेल्यात पडला नि एक आजी अडून बसल्या. गौरीला पन्ह्याचाच नैवेद्य असतो, हे कसलं सरबत? त्यांच्या सुनेनं पेला उचलला होता, तो खाली ठेवला. तिचं पाहून आणखी दोघींनी ठेवला. माजघरात चिडीचूप. आत्या म्हणाली, “गौर महिनाभर माहेरी येते ना? आमच्या गौरीचं माहेर बडोद्याचं. माहेरी जे पिकतं ते तिला द्यायचं.” आजींनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, “मीठ कमी आहे,” म्हणाल्या आणि पेला पुढे केला. मग मिठावरून निराळंच सुरू झालं. कुणी म्हणे सैंधव, कुणी संचळ, एक जण म्हणे भाजलेलं जिरं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, कृती राहिलीय!

लिहून घ्या. पाव किलो फालसे, चटकन धुवायचे, भिजत टाकायचे नाहीत. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात थोडं पाणी घालून हातानं कुस्करायचे. मिक्सर नको, बिया भरडल्या की तुरटपणा उतरतो. पंचातून गाळायचं. साखर चवीनं, चिमूट सैंधव, माठाचं पाणी. चार-पाच पेले होतात. रंग खरा की घातलेला अशी शंका आली, तर चमचाभर रसात खायचा सोडा टाका. खरा रस निळसर, काळपट होतो. लिंबू पिळलं की परत लाल.

प्रश्न? मधुमेह असेल तर साखर गाळा, मीठ-जिऱ्यावर प्या. किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा, मला नको. नैवेद्याचं? ज्याच्या त्याच्या घरी. मी माझ्या घरी पन्ह्याशेजारी ठेवते, अजून गौर रुसलेली नाही.

मागून काय म्हणताय? बाटलीत भरून वर्षभर ठेवता येईल का? साखरेत आटवून ठेवतात, टिकतं. पण रसाला उष्णता लागली की तो ताजा वास गेलाच. मग कोकमाचा आगळच आणा की, रत्नागिरीकरांचं तरी समाधान होईल.