कोणाचें दार ठोठावावें ?

निवडणूक जवळ आली कीं उमेदवाराच्या कार्यकर्त्यांपुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : कोणाच्या घरीं जावें आणि कोणाचें घर वगळावें ? घरें असंख्य, दिवस थोडे आणि चालणारे पायहि थोडेच. हा प्रश्न पूर्वीं त्या त्या गल्लींतील माहितगार माणूस सोडवीत असे. अमेरिकेंत आतां तो बहुधा संगणकावर सोडविला जातो, आणि त्याचें उत्तर पुरविणें हाच कित्येक कंपन्यांचा व्यवसाय होऊन बसला आहे.

न्यूयॉर्कमध्यें १९५९ सालीं निघालेली सिम्युलमॅटिक्स ही या व्यवसायांतील एक आद्य कंपनी. तिनें जुन्या जनमत-चाचण्यांवरून मतदारांचे ४८० प्रकार पाडले आणि १९६० सालीं केनेडींच्या प्रचारासाठीं अहवाल तयार केले. एकेका प्रकारांत असंख्य माणसें एकत्र बांधलीं जात. १९७० सालीं कंपनीचें दिवाळें निघालें. कल्पना मात्र टिकली.

२०१२ सालच्या ओबामांच्या प्रचारांत ती एकेका व्यक्तीपर्यंत येऊन पोहोंचली. तेथें मत गुप्त असतें. परंतु मतदानाला कोण गेला व कोण गेला नाहीं, याची नोंद सरकारदप्तरीं राहते. या नोंदीला दूरध्वनीवरून मिळविलेल्या उत्तरांची जोड देऊन मतदारांना गुण देण्यांत आले : हा आपल्या बाजूचा असण्याचा संभव किती, मतदानाला जाण्याचा किती, समजूत घातल्यास वळण्याचा किती ? त्या गुणांवरून स्वयंसेवकांच्या हातीं घरांची यादी पडे. ज्याच्याकडून कांहींच आशा नाहीं असें ठरे, त्याच्या दारावरून ते मुकाट्यानें पुढें जात.

यांत कोणाचा अवमान करण्याचा हेतु नव्हता. हिशेबच तसा होता. परंतु जो वारंवार मतदानाला गेला नाहीं, त्याला पुढच्या खेपेसहि कोणी बोलावीत नाहीं, आणि न बोलाविलेला माणूस बहुधा घरींच राहतो. मग त्याच्या अडचणी उमेदवाराच्या कानीं जाव्या तरी कशा ?

त्या प्रचारांतील गणनविभागाचे प्रमुख डॅन वॅग्नर यांनीं २०१३ सालीं शिकागोंत सिव्हिस ॲनालिटिक्स ही कंपनी काढली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नव्या कायद्यान्वयें आरोग्यविम्याची नांवनोंदणी सुरू झाली. एन्रोल अमेरिका ही सेवाभावी संस्था विमा नसलेल्या माणसांच्या शोधांत होती. तिला सिव्हिसनें साह्य केलें तें याच रीतीनें. प्रश्न तेवढा बदलला : आपल्याला मत कोण देईल, याऐवजीं विमा कोणाजवळ नसेल ? प्रश्न बदलतांच ज्या गरीब घरांना प्रचाराच्या यादींत सहसा शेवटची जागा मिळते, तशा घरांना आरंभींची जागा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

तराजू तोच, पारड्यांत काय घालावयाचें हें मात्र माणूसच ठरवितो. म्हणून अशी यादी घेणाऱ्यानें, मग तो उमेदवार असो वा धर्मादाय संस्था, तींत कोण आहे एवढेंच पाहून थांबूं नये. कोण राहून गेला हेंहि विचारावें, आणि अधूनमधून यादीबाहेरचें एखादें दार ठोठावून पाहावें.