देवासची टेकडी आणि होकायंत्राची सुई

माळव्यात मराठी माणूस प्रथम आला तो घोड्यावरून. त्याच्यामागून शेदीडशे वर्षांच्या आत मोजणीदार आला. त्याच्या हातात पितळेची एक गोल डबी होती. धारचे पवार, देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचे पवार यांच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. त्या डबीची कथा फारशी कोणी सांगत नाही. आज तीच सांगावी म्हणतो.

दिशा ठरविण्याची विद्या या प्रांताला नवी नव्हती. जमिनीवर वर्तुळ काढावे, मधोमध शंकू उभा करावा, सकाळी त्याच्या छायेचे टोक वर्तुळाला जेथे शिवते व दुपारनंतर जेथून ते बाहेर पडते त्या दोन खुणा जोडाव्या, म्हणजे पूर्वपश्चिम रेषा मिळते. आपले जुने स्थपती याच रीतीने देवळांच्या दिशा साधत. लोहचुंबकही अपरिचित नव्हता. धारानगरीच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथात असे सांगितले आहे की, समुद्रावर जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण समुद्रातील चुंबकीय खडक ते लोखंड ओढून घेतील. समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या राजाच्या नावावर हा उपदेश असावा याची मला नेहमी मौज वाटते.

सुईची दिशा व खरी उत्तर दिशा यांत फरक असतो, हे चीनमधील शेन् को याने अकराव्या शतकातच नोंदून ठेवले होते. त्याहून विलक्षण गोष्ट लंडनच्या गेलिब्रँडने १६३५ साली जाहीर केली. तेथे १५८० साली सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेस सुमारे ११ अंश ढळलेली होती. त्याच्या काळी ती ४ अंशांवर आली होती. म्हणजे फरकही स्थिर नाही! पुढे १८१८ च्या सुमारास तीच सुई पश्चिमेस २४ अंशांपर्यंत गेली. त्यामुळे जुन्या दस्तऐवजात ‘अमुक अंशांवर हद्द’ असे लिहिलेले असेल, तर ते कोणत्या साली लिहिले हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. आपल्या माळव्यात आज हा फरक एका अंशाच्याही आत आहे, हे आपले भाग्य.

१८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई झाली, होळकरांचा पराभव झाला, आणि पुढच्या दोन वर्षांत देवास व धार या संस्थानांनी इंग्रजांशी तह केले. सर जॉन माल्कम यांच्याकडे या मुलखाची व्यवस्था आली. त्यांच्या हाताखालचे लष्करी अधिकारी गावोगाव हिंडून मार्गांची मोजणी करू लागले. रीत साधी होती. मोजणीचे चाक जमिनीवरून ढकलीत न्यायचे, त्याच्या फेऱ्यांवरून अंतर काढायचे. आणि वाट वळेल तेथे थांबून होकायंत्राने नव्या दिशेचे अंश टिपायचे. अशा मार्गांच्या नोंदी जुळवून माल्कमच्या १८२३ च्या ग्रंथाबरोबरचा मध्य हिंदुस्थानचा नकाशा तयार झाला. या अधिकाऱ्यांपैकी डेंजरफील्ड यांनी १८१८ साली आजच्या धार जिल्ह्यातील बाघ येथील लेण्यांची माहिती विद्वानांपुढे आणली, आणि माळव्याच्या खडकांवरही त्यांनी लिहिले. त्या खडकांकडे मी पुन्हा येणारच आहे.

आता डबीविषयी. जुन्या मोजणी-होकायंत्राच्या तबकडीवर पूर्व व पश्चिम ही अक्षरे उलट बाजूंना कोरलेली असतात. मुलांना ही कारागिराची चूक वाटते व ती हसतात. परंतु सुई जागच्या जागी राहते आणि डबी फिरते. म्हणून अक्षरे उलटी असली तरच सुईच्या टोकाशी खरी दिशा वाचता येते. दुसरा प्रकार लोलकाच्या होकायंत्राचा. त्याचे पेटंट लंडनच्या श्मालकाल्डरने १८१२ साली घेतले. परंतु मद्रासेकडे लॅम्टन यांच्याबरोबर काम केलेल्या हेन्री केटर यांनाही या युक्तीचे श्रेय देतात. यात तबकडी सुईलाच जोडलेली असते. एका डोळ्याने फटीतून दूरची खूण पाहायची आणि त्याच वेळी काचेच्या लोलकातून खालचा आकडा वाचायचा. आकडे तबकडीवर आरशातल्यासारखे उलटे कोरलेले, ते लोलकातून सुलट दिसतात. तिपाई नसली तरी हातात धरून काम भागते, म्हणून घोड्यावरच्या माणसाला हे यंत्र फार सोयीचे झाले.

मोठ्या त्रिकोणमापनाचे काम अर्थात होकायंत्राने झाले नाही. माळव्यातच सिरोंजजवळ एव्हरेस्ट यांनी १८२४-२५ मध्ये पायारेषा मोजली, तेथे थिओडोलाइटचे राज्य होते. सुईवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. का ठेवता येत नाही, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होते; कळले मात्र एका विद्यार्थ्यामुळे.

आमच्या देवासच्या माताजीच्या टेकडीवर मी काही वर्षांपूर्वी मुलांना मोजणी शिकवावयास नेले होते. (हीच टेकडी फॉर्स्टर या इंग्रज लेखकाच्या १९५३ च्या पुस्तकाच्या नावात आली आहे आणि हिच्याच पायथ्याशी कुमार गंधर्व राहत.) एक तुकडी पायथ्याशी, एक वर. नियम असा की, खालून वरची खूण ६२ अंशांवर दिसली, तर वरून खालची खूण २४२ अंशांवर दिसली पाहिजे. दोहोंत बरोबर १८० चे अंतर हवे. वरच्या मुलाने वहीत २४७ लिहिले. मी सर्वांदेखत त्याला निष्काळजी म्हटले व तांबडी फुली मारली. तो मुलगा एवढेच म्हणाला, “सर, मी तीनदा पाहिलं.” मी ऐकून घेतले नाही.

मुले उतरू लागल्यावर मी स्वतः डोळा लावला. २४७. दोनच दांडे पलीकडे सरकलो, आकडा बदलला. वीस पावले गेल्यावर तो २४२ च्या जवळ आला. दोष मुलाचा नव्हता, पायाखालच्या दगडाचा होता. माळव्याचे पठार काळ्या लाव्हाच्या खडकाचे. त्यात लोहयुक्त चुंबकीय कण असतात, आणि उघड्या माथ्यावर वीज पडली की तेथील खडक अधिकच चुंबकित होतो. पाच अंशांची चूक म्हणजे एका मैलावर सुमारे साडेचारशे फुटांचा फरक. जेथे दोन पातींची गावे एकमेकांत गुंतलेली आणि गावातल्या रस्त्याच्याही दोन बाजू दोन दरबारांच्या, अशा देवासात साडेचारशे फुटांत कोणाचे शेत कोणाकडे गेले असते, याचा विचार करावा!

खडकच नव्हे, माणसाने केलेले लोखंडही सुईला फसविते. धारच्या लाट मशिदीपाशी प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. एकूण लांबी सुमारे ४३ फूट, वजन सुमारे ७ टन. त्याच्या शेजारी उभे राहून कोणी दिशा घेऊ नये. खिशातली किल्ली, साखळीचे दुवे, चष्म्याची काडी, हीसुद्धा दूर ठेवावी लागतात. आजच्या मोबाइल फोनमधील होकायंत्र हेही चुंबकक्षेत्रच मोजते, तेव्हा त्याचीही यातून सुटका नाही.

यावर जुन्या मोजणीदारांचा उपाय होता तो असा. प्रत्येक रेषेची दिशा दोन्ही टोकांकडून घ्यायची. ज्या रेषेत १८० चा मेळ बसतो, तिची दोन्ही टोके बहुधा निर्दोष मानायची, आणि तेथून पुढच्या ठिकाणांची चूक एकेक करून काढून टाकायची. खोटा आकडा खोडायचा नाही. तो तसाच ठेवून शेजारी दुरुस्ती लिहायची.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलाची वही मागून घेतली, सर्वांदेखत माझी चूक सांगितली आणि तांबड्या फुलीच्या शेजारी दुरुस्ती लिहिली. फुली खोडली नाही. मग त्यालाच फळ्यापाशी बोलावून, पुढच्या फेरीत टेकडीवरच्या कोणकोणत्या जागा तपासाव्या, त्यांची यादी करावयास सांगितली.