निषेधाचा हिशेब
(नांदेड येथील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)


दुर्मिळ वस्तूला मोल येते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. राजकारणात लोकांचे लक्ष ही तशीच दुर्मिळ वस्तू होय. ते स्तुतीने मिळो वा निंदेने, मिळवणाऱ्याचे भांडवल वाढते.

१९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत बाळासाहेब ठाकरे यांनी डॉ. रमेश प्रभू यांच्यासाठी धर्माच्या नावाने मते मागितली. उच्च न्यायालयाने १९८९ साली ती निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निर्णय कायम केला. परंतु त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांचा पक्ष सत्तेवर आला होता. त्याची कारणे अनेक होती. पण आपल्या निषेधानेही त्यांचेच नाव गावोगाव पोहोचविले, हे मान्य केले पाहिजे.

मग मौन पाळावे काय? मुळीच नाही. १९७८ साली नामांतराच्या वादात याच नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. तेथे मौन हे पापच ठरले असते.

म्हणून निषेध कृत्याचा करावा, बाजू पीडिताची मांडावी. चिथावणीखोराच्या नावाची दवंडी पिटू नये. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. सभेचा विषय त्याने नव्हे, अशा प्रश्नांनी ठरवावा.