बोलता वर्ग

आज शिक्षणशास्त्राची पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी बरेच जण लवकरच सहावी, सातवी किंवा आठवीच्या वर्गावर उभे राहतील. पहिली-दुसरीसाठी वाचनाच्या आणि अंकगणिताच्या मोहिमा निघतात. दहावीच्या वर्षी अख्खं घर जागं असतं. मधल्या तीन इयत्तांकडे मात्र लक्ष जातं ते तक्रार आली की. आणि याच वयात मुलांचं सगळं बदलत असतं. गावातली शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपते, मग शेजारच्या गावातलं हायस्कूल, नवे शिक्षक, एसटीच्या वेळेवर बांधलेला दिवस. शरीर बदलत असतं, त्याबद्दल घरात कुणी धड बोलत नाही. रोजची मैत्रीण मधल्या सुट्टीत डबा घेऊन दुसऱ्या घोळक्यात जाऊन बसली, तर पुढचे चार तास कानावरून जातात. या वयात भावना उसळवणारी मेंदूतली यंत्रणा जोरात असते आणि थांबून विचार करायला लावणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. त्यामुळे 'एवढ्याशा गोष्टीवरून काय रडायचं' हे आपलं वाक्य त्या मुलीला कळूच शकत नाही. तिच्यासाठी ती गोष्ट एवढीशी नसते.

स्वतःचा राग ओळखणं, दुसऱ्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणं, भांडण झाल्यावर पुन्हा बोलायला सुरुवात करणं, हे सगळं, म्हणजेच सामाजिक-भावनिक शिक्षण, मुलांना शाळेत द्यावं याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २ लाख ७० हजार मुलं होती, आणि वागणुकीबरोबर अभ्यासातली कामगिरीही सुधारलेली दिसली. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये आठवीपर्यंत 'हॅपिनेस करिक्युलम' सुरू झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हा विषय आला. तेव्हा मी बोलणार आहे ते शिकवायचं कसं याबद्दल.

ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ११ ते १४ वयाच्या आठ हजारांहून अधिक मुलांना घेऊन एक मोठा प्रयोग झाला. काही शाळांत प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनी माइंडफुलनेसचे, म्हणजे सजगतेचे, धडे दिले. उरलेल्या शाळांत नेहमीचंच सामाजिक-भावनिक शिक्षण चालू राहिलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. नव्या धड्यांचा वेगळा असा फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी करायचा सराव केलाच नव्हता. मला यात त्या मुलांचा दोष दिसत नाही. तेराव्या वर्षी माणसाला सगळ्यात जास्त काय बोचत असेल, तर आपल्याला अजून लहान समजलं जातंय हे. वरून आलेला उपदेश कितीही गोड असला, तरी तो हेच सांगत असतो.

याच्या उलट टेक्सासमधल्या आठवीच्या मुलांचा अनुभव पाहा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात काही मुलांना नेहमीप्रमाणे आरोग्यासाठी चांगलं खा, असं सांगण्यात आलं. दुसऱ्या गटाला कंपन्या काय करतात ते सांगितलं: पाकिटातला खाऊ सोडवू नये असाच मुद्दाम बनवला जातो, आणि लहान भावंडांना समोर ठेवून जाहिराती केल्या जातात. दुसऱ्या दिवशी खाऊ निवडायची वेळ आली तेव्हा या दुसऱ्या गटाने जास्त शहाणी निवड केली. त्यांना कुणी 'खाऊ नका' म्हटलं नव्हतं. त्यांच्या विचारशक्तीवर आणि न्यायाच्या चाडेवर विश्वास टाकला होता.

आपल्या देशातलं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. हरियाणातल्या सरकारी शाळांत ब्रेकथ्रू या संस्थेने सातवीपासूनच्या मुलामुलींबरोबर अडीच वर्षं चर्चेच्या तासिका घेतल्या. घरातली कामं कोणी करायची, बहिणीला पुढे शिकू द्यायचं का, मुलगी मोठ्याने हसली तर लोक काय म्हणतात, असे रोजच्या घरातले प्रश्न. एकूण ३१४ शाळांची तुलना करून अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम मोजला. मुलांची मतं बदलली, आणि कार्यक्रम संपून दोन वर्षं झाल्यावरही तो बदल टिकून होता. मुलगे घरकामाला हात लावू लागले. मुलींच्या वागण्यात मात्र मुलग्यांइतका फरक दिसला नाही, कारण त्यांनी काय करायचं हे ठरवणारे दुसरेच होते. हा भाग कृपा करून विसरू नका. मुलीला आत्मविश्वासाचा धडा देऊन आपलं काम संपत नाही. तिच्या भावाशी आणि बापाशीही कुणालातरी बोलावं लागतं.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हे शिक्षण आपल्या शाळांत आलं की त्याचा अर्थ 'मुलं शांत बसतात' असा लावला जाईल. परिपाठात डोळे मिटून बसवलं, दोन मिनिटं श्वास घ्यायला लावला, वर्ग गप्प झाला, तासिका यशस्वी! पण वर्गात जातीवरून चिडवलं गेलेलं मूल गप्प बसलं, तर ती भावनिक परिपक्वता नव्हे. त्याला सोसायची सवय लागली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्राला हे कळायला परदेशातलं संशोधन लागू नये. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती, म्हणजे तुमच्या आठवीतल्या मुलीएवढी. आपल्या माणसांवर काय अन्याय होतो, तो कोण करतं आणि त्याने काय वाटतं, हे तिने स्वतःच्या शब्दांत जगासमोर मांडलं. ती मुलगी असं लिहू शकली, कारण तिच्या शाळेत तिचं दुःख हा शिकण्याचा विषय होता. सामाजिक-भावनिक शिक्षणाची याहून उंच कसोटी मला माहीत नाही.

आता रोजच्या वर्गाबद्दल. सुट्टीत दोन मुलांची मारामारी झाली की दोघांना 'सॉरी' म्हणायला लावून आपण फळ्याकडे वळतो. त्यापेक्षा दहा मिनिटं घ्या. प्रत्येकाला दुसऱ्याची बाजू सांगायला लावा, आणि ती बरोबर सांगितली का, हे त्या दुसऱ्यालाच विचारा. गट पाडताना 'आपापले गट करा' म्हणू नका. दर वेळी उरणारं मूल तेच असतं आणि ते सगळ्या वर्गाला माहीत असतं. इतिहासाचा धडा पाच तुकड्यांत वाटून प्रत्येकाकडे एकच तुकडा द्या, म्हणजे एकमेकांना शिकवल्याशिवाय धडा पुरा होणार नाही. एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिनच्या शाळांत गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांमधलं वैर कमी करायला ही रीत वापरली. तिला वेगळी तासिका लागत नाही आणि खर्चही नाही.

एक गंभीर सूचना. मूल विश्वासाने जवळ येईल आणि म्हणेल, 'मॅडम, कुणाला सांगणार नसाल तर सांगते.' असं वचन देऊ नका. 'तू सांग, आणि तुझ्या सुरक्षिततेसाठी ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच मी सांगेन,' असं म्हणा. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांपर्यंत पोचवणं पॉक्सो कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर सहज दिसेल असा लावा.

तुमच्यावर कामाचा बोजा किती असणार आहे, हे मला ठाऊक आहे. सर्वेक्षणं, पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची ड्यूटी. थकलेल्या शिक्षकाचा आवाज चढतो आणि मुलं त्या आवाजावरूनच शिकतात. म्हणून सहकाऱ्यांशी बोला, शिक्षकखोलीत आपली अडचण मोकळेपणाने मांडा, आणि वर्गात रागाच्या भरात कुणाला लागेल असं बोललात, तर सगळ्यांसमोर त्या मुलाची माफी मागा.

शेवटी एकच मागणं. सत्र संपताना तुम्हाला प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतील. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात, मोबाइलवर याद्या फिरतात. त्या उतरवून काढू नका. चाळीस मुलं असतील तर चाळीस वेगळी वाक्यं लिहा. त्यासाठी वर्षभर त्या मुलांकडे पाहावं लागेल, त्यांचं ऐकावं लागेल. ते काम उद्यापासून सुरू करा.