हात सैल सोड



आजच्या शिबिरात मला दिलेला विषय आहे 'मुलीपणातले आनंद'. फोनवर एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, यावेळी जरा हलकं बोला. एरवी आपण कायदा आणि कलमांवरच बोलतो." त्याचं बरोबर आहे. तेव्हा आज बांगड्यांवर बोलते.

माझी नानी मणियारीण. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात ती घरोघरी जाऊन बांगड्या भरायची. ओसरीवर बसायची, समोरच्या बाईचा हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचा मांसल भाग आत दाबायची आणि म्हणायची, "हात सैल सोड." आम्हा नातींना तेच दखनीत, "हाथ ढीला छोड गे." हात नुसता चाचपून ती माप सांगायची. दोन-चार, दोन-सहा. यातला दुसरा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा असतो. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच. मला हे अपूर्णांक शिकताना उमगलं. नानी कधी शाळेत गेली नव्हती, तिच्या बोटांना ते पाठ होतं.

बांगडी 'फुटली' असं तिच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. गावातल्या बायका म्हणायच्या 'वाढवली', आमच्या घरात म्हणायचे 'ठंडी हुई'. दोन भाषा, पण फुटणं हा शब्द दोघींनाही तोंडावर नको. बांगड्या भरून झाल्या की लेकीसुना नानीला वाकून नमस्कार करायच्या, आणि सुपातून जोंधळे यायचे. माल फिरोजाबादचा असायचा. तिथे काचेच्या कड्यांची टोकं घरोघरी ज्योतीवर जोडली जातात आणि त्या कामात आमच्याच वयाच्या मुलीही असतात, हे मी फार उशिरा वाचलं. तेव्हापासून मनगटातली किणकिण पूर्वीसारखी ऐकू येत नाही, एवढं नोंदवून पुढे जाते.

आश्विनात शेजारच्या वाड्यात भोंडला असायचा. मध्ये पाटावर हत्ती काढलेला, भोवती आम्ही फेर धरलेला. गाणी मला सगळी पाठ, पण खरी ओढ खिरापतीची. झाकलेला डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं. भडंग लगेच कळतं, लाडू फसवतात. 1984 साली मोहरम आणि नवरात्र एकाच सुमाराला आले. अम्मानं खिरापत म्हणून चोंगे दिले. डबा साऱ्या फेरातून फिरला, कुणालाही ओळखता आलं नाही! मी अकरा वर्षांची होते आणि त्या संध्याकाळी मला आकाश ठेंगणं झालं होतं.

पुढच्या वर्षी मी निघाले तर नानी दारात उभी. "अब बस. बडी हो गई तू." मी भांडले. शेवटी ती म्हणाली, "अपने में नहीं होता." मागच्या वर्षीपर्यंत होत होतं, ते आता एकदम कसं होत नाही? धर्माचं कारण तिला ऐनवेळी सुचलं होतं. खरं कारण माझं वय होतं. माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो मात्र कृष्णेच्या डोहात दिवस दिवस पोहत होता. त्याला कुणी 'बडा हो गया' म्हटलं नाही.

मला जास्त लागलं ते वेगळंच. साऱ्या गावाचे हात जी हातात घ्यायची, तीच मला माझ्या मैत्रिणींचे हात धरू नको म्हणत होती. संध्याकाळी समजूत काढायला तिनं माझ्या दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या बांगड्या भरल्या. मी परसात गेले आणि धुण्याच्या दगडावर सगळ्या फोडल्या. हो, फोडल्याच. नानी काही बोलली नाही. केरसुणी घेऊन आली आणि एकेक काच वेचत बसली, माझ्या पायात जाऊ नये म्हणून.

कॉलेजात गेल्यावर मी तिला एकदा विचारलं, की तू तेव्हा असं का केलंस? ती बराच वेळ पानाला चुना लावत राहिली. मग म्हणाली, तिच्या माहेरी फुगडीत तिला कुणी हरवू शकत नव्हतं. चौदाव्या वर्षी लग्न झालं. आणि मग तिनं सांगितलं की आश्विनात फेरी संपवून येताना ती बांगड्यांच्या माळा खांद्यावर घेऊन त्या वाड्याच्या भिंतीआड थांबायची, खिरापत ओळखून होईपर्यंत. मला अडवलं त्या संध्याकाळीसुद्धा ती तिथे थांबून आली होती.

मला अजून तिचा राग येतो. आणि अजून कुणी बांगड्या भरताना माझा हात धरला की तो आपोआप सैल सुटतो.

असो. या पिशवीत पाच सागरगोटे आहेत, जत्रेत घेतलेले. राखाडी, गुळगुळीत. काटेरी वेलीचं बी आहे हे, दगड नव्हे. चहानंतर ही सतरंजी रिकामी ठेवा. 'मोठी झालीस' म्हणून ज्यांचा खेळ बंद झाला, त्यांनी आधी बसायचं. मुलगेही चालतील. मात्र मी डाव सोडत नाही, आधीच सांगून ठेवते.