काळा बांबू आणि कोरडवाहूचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या काही बैठकांत एक प्रश्न सारखा पुढे येतो आहे. आठवडी बाजारात कुणीतरी एक पत्रक वाटून गेला. त्यावर काळ्याभोर बांबूचं चित्र, खाली एकरी लाखांची भाषा, आणि रोपांची आगाऊ नोंदणी करा असा आग्रह. एका गावात तर तीन घरांनी कापसाचे आलेले पैसे नोंदणीला देऊन टाकले. आम्हाला विचारलं तेव्हा पावती फाटून महिना झाला होता. म्हणून आज भावाचा विषय थोडा बाजूला ठेवून बांबूवर बोलायचं ठरवलं आहे. शेवटी गाडी भावावरच येणार आहे, ते तुम्हाला माहीत आहेच.

ज्वारीचा भाऊ

पहिली गोष्ट, बांबू हे झाड नाही, गवत आहे. ज्वारी, ऊस, गहू ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. ज्वारीच्या धांड्याला जशी कांडी असतात तशीच बांबूला. फरक एवढाच की ज्वारी एका हंगामात संपते आणि बांबूचा कंद जमिनीत वर्षानुवर्षं राहून दर पावसाळ्यात नवे कोंब काढतो. कोंब जमिनीतून निघतो तेव्हा जेवढा जाड असतो तेवढाच पुढे राहतो. काही आठवड्यांत तो पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर फक्त पक्का होत जातो.

काळा बांबू म्हणजे कोणता?

पत्रकात नुसतं 'काळा बांबू' लिहिलेलं आहे. या नावाखाली निदान तीन वेगवेगळ्या जाती जगात विकल्या जातात.

पहिला चीनचा. शास्त्रीय नाव फायलोस्टॅकिस नायग्रा. मूळ चीनच्या हूनान प्रांतातला, पुढे जपान, कोरिया आणि 1827 च्या सुमारास इंग्लंडातही गेला. थंड मुलखातला हा बांबू आहे. शून्याच्या खाली पंधरा अंशांपर्यंतची थंडी तो सोसतो. त्याला ओल धरणारी पण निचऱ्याची, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची भुसभुशीत जमीन लागते आणि उन्हाळ्यातही पाऊस लागतो. उंची साधारण पंधरा ते तीस फूट, आणि जाडी फार झाली तर दोन इंच. म्हणजे घराच्या आड्याला आणि वाशाला तो उपयोगाचा नाही. त्याचा उपयोग कारागिरीचा: हातातल्या काठ्या, छत्र्यांच्या मुठी, नाजूक फर्निचर आणि बागेची शोभा. चिनी लोक त्याला जांभळा बांबू म्हणतात आणि त्याच्यापासून 'श्याव' नावाची उभी बासरी करतात.

दुसरा जावा बेटाचा आणि तिसरा तिमोरचा. हे दोन्ही उष्ण पण दमट हवेतले. जावाचा बांबू चांगला उंच आणि तीन इंचांपर्यंत जाड होतो. तिथे त्याचं फर्निचर होतं आणि 'अंगक्लुंग' नावाचं वाद्य होतं. 2010 साली युनेस्कोने त्या वाद्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथले लोक या वाद्यासाठीचा बांबू वर्षातून फक्त दोन आठवडे तोडतात, रातकिडे ओरडू लागतात तेव्हा. तोही बुडाशी तीन पेरं ठेवून, म्हणजे कंद जिवंत राहतो. कायद्याच्या धाकाने नव्हे, पिढ्यांच्या अनुभवाने ते हे पाळतात.

पिशवीतलं रोप हिरवंच असतं

आता नीट ऐका. चीनच्या काळ्या बांबूचा कोंब निघतो हिरवा. तो काळा पडायला एक ते तीन वर्षं लागतात. म्हणजे पिशवीतलं रोप पाहून ते काळ्या बांबूचं आहे की साध्या, हे तुम्हाला कळत नाही, आम्हालाही कळत नाही. आम्ही शेतकी शिकलो आहोत, तरी नुसतं पान पाहून छातीठोक सांगणार नाही. तीन वर्षं पाणी घालून, राखण करून मग कळणार की फसलो. तोवर पत्रकवाला कुठे असेल? सफेद मुसळीच्या वेळी आणि 2012 च्या सुमारास इमूच्या वेळी आपण हे भोगलं आहे. ज्या धंद्यात सगळी कमाई रोप विकण्यात किंवा पिल्लू विकण्यात असते आणि तयार माल घ्यायला कुणी येत नाही, तो धंदा शेतकऱ्याचा नाही, दलालाचा आहे.

समजा रोप खरं निघालं. मग आपल्या रानात काय होईल? मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. विहिरी तळाला जातात. काळी जमीन भेगाळते आणि पावसाळ्यात तीच जमीन पाणी धरून चिखल करते. चीनच्या बांबूला हे दोन्ही मानवत नाही. उन्हाळभर ओलित करायची ऐपत असती तर आपण कोरडवाहू कशाला म्हणवलो असतो?

आणि समजा ओलित केलं, तर तिसरी अडचण. हा बांबू बेट धरून राहणारा नाही, पळणारा आहे. त्याचा कंद जमिनीखाली वीतभर-हातभर खोलीवर आडवा धावतो आणि लांब जाऊन डोकं काढतो. ज्या देशांत तो बागेत लावतात तिथे भोवती दोन फूट खोल पत्रा किंवा जाड प्लास्टिक पुरतात. आपल्याकडे तो धुऱ्यावर लावला तर दोन-चार वर्षांत शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत निघेल. धुऱ्याच्या वितभर जागेसाठी आपल्या गावात डोकी फुटतात. त्यात हे नवं कारण कशाला?

तेव्हा आमचा सल्ला साधा आहे. हौसेने अंगणात एक रोप लावा, पाहा, पोरांना दाखवा. कर्ज काढून एकरभर लावू नका.

आपल्या मातीतला बांबू

मग बांबू लावूच नये का? तसं नाही. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत आपल्या डोंगरांत मानवेल आपला आपण वाढतो. उन्हाळ्यात तो पानं गाळतो आणि पहिल्या पावसाला फुटतो. त्याची काठी जवळजवळ भरीव असते, म्हणून लाठीला आणि कुदळ-फावड्याच्या दांड्याला चालते. तो बेट धरून राहतो, पळत नाही. हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत तो येतो. पाणी साचणाऱ्या चिबडात मात्र लावू नका.

चांगली जमीन त्याला देऊ नका. ज्वारी-कापसाच्या तासाजवळ लावला तर सावली आणि मुळं पीक खातील. नाल्याचा काठ, पडीक तुकडा, उतारावरची घळ ही त्याची जागा. एका एकराची एक बाजू साधारण दोनशे दहा फूट. नाल्याकडच्या त्या एका बाजूला बारा-तेरा फुटांवर एक असं लावलं तर सोळा बेटं बसतात. पहिले दोन उन्हाळे पाणी आणि गुरांपासून राखण लागेल. पाचव्या वर्षापासून बेटामागे पाच पक्क्या काठ्या धरल्या तर वर्षाला ऐंशी काठ्या. गोठ्याचा मांडव, बंडीचे तट्टे, वेलांचे आधार, कणगी, टोपली हे सगळं घरात भागेल आणि नाल्याकाठची माती जागेवर राहील. लखपती कुणी होणार नाही. पण विकत आणायचं थांबेल, आणि कर्ज निघणार नाही.

तोडताना तीन गोष्टी पाळा. तीन वर्षांवरची काठीच तोडा, कोवळी ठेवा. पावसाळ्यात कोंब फुटताना विळा लावू नका. तोडलेली काठी काही आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवा. आतलं पिष्ट कमी झालं की पीठ पाडणारा भुंगा कमी लागतो.

गवताला झाड ठरवणारं सरकार

आता भावावर येतो. बांबू इतका कामाचा असताना आपल्या आज्यांनी धुऱ्यावर का लावला नाही? कारण 1927 च्या वन कायद्याने या गवताला 'झाड' ठरवलं. स्वतःच्या रानातली काठी तोडायची तर परवाना, गाडीत भरायची तर पास, नाक्यावर चिरीमिरी. दुसरीकडे कागद गिरण्यांना सरकारी जंगलातला बांबू वर्षानुवर्षं नाममात्र दरात मिळत राहिला आणि टोपल्या विणणारा बुरूड दहा काठ्यांसाठी खेटे घालत राहिला. मोठ्याला स्वस्त माल आणि पिकवणाऱ्याला बेडी, ही कापसाची कहाणी बांबूतही तशीच आहे.

ही बेडी दोन टप्प्यांत सैल झाली. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने त्यावर हक्क सांगितला आणि नेट धरून बसलं. 27 एप्रिल 2011 ला वाहतूक पासाचं पुस्तक वनखात्याच्या हातातून ग्रामसभेच्या हातात आलं. पुढे नोव्हेंबर 2017 मध्ये वटहुकूम निघाला आणि जंगलाबाहेरचा बांबू 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला. ज्वारीच्या भावाला गवत म्हणायला सरकारला नव्वद वर्षं लागली!

म्हणून लावाल तेव्हा सात-बारावर नोंद करून घ्या. नाक्यावर कुणी अडवलं तर एकट्याने खिशात हात घालू नका. गावातले दहा जण घेऊन जा, आम्हाला कळवा.

शेवटी एकच मागणं. कोणतंही नवं पीक घेऊन कुणी दारात आला तर त्याला चार प्रश्न विचारा. तयार माल कोण घेणार? कोणत्या भावाने? ते कागदावर लिहून सही करणार का? आणि तुझ्या स्वतःच्या रानात हे पीक कुठे आहे, दाखव. चारही उत्तरं मिळाली तर बैठकीत मांडा, सगळे मिळून तपासू. नाही मिळाली तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. ज्या तीन घरांची पावती फाटली आहे, त्यांचे पैसे परत मागायला येत्या बाजारच्या दिवशी आपण सगळ्यांनी मिळून जायचं आहे.